मोफत साधनांचा जमाखर्च : इयत्ता सातवीसाठी व्यवहारी गणिताचा एक पाठ

जमाखर्च शिकविताना आपण बहुधा किराणा माल, दूध डेअरीचा हिशेब, शेतीची बी-बियाणे किंवा सहलीचा खर्च अशी उदाहरणे घेतो. या सर्वांत एक सोय असते. वस्तूची किंमत मुलांना ठाऊक असते, किंवा दुकानदारास विचारून कळू शकते. परंतु आजच्या घरातील एक मोठे खाते या पद्धतीने मांडता येत नाही. ते म्हणजे मोबाईलमधील साधनांचे खाते. निरोप पाठविणे, छायाचित्रे साठविणे, नकाशा पाहणे, गाणी व चित्रफिती पाहणे, या सर्व साधनांपुढे मुलांना रक्कम लिहावयास सांगितली, तर ती निःशंकपणे शून्य लिहितात. हे शून्य खरे आहे काय, याची तपासणी मुलांकडूनच करवून घेणे, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे. त्यासाठी दोन, फार तर तीन तासिका पुरेशा होतात.

पाठास आरंभ करण्यापूर्वी एक गोष्ट शिक्षकांनी स्वतःच्या मनाशी निश्चित करावी. मोबाईल वाईट आहे, असे सांगण्यासाठी हा पाठ नाही. तसा उपदेश मुले सभ्यपणे ऐकून घेतात आणि घरी जाऊन मोबाईल हाती घेतात. शिवाय तो उपदेश खराही नाही. बाजार समितीतील भाव घरबसल्या कळतो, पुण्यामुंबईस कामास गेलेला मुलगा रात्री आईस दिसतो, आणि जी शैक्षणिक चित्रफीत दाखविण्यास एकेकाळी तालुक्याहून यंत्र आणावे लागे, ती आज वर्गातच दाखविता येते. उपयोग आहे म्हणूनच हिशेब हवा. निरुपयोगी वस्तूचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

पहिली तासिका पैशाच्या खर्चास द्यावी, कारण तो मुलांच्या ओळखीचा आहे. ‘तुमच्या घरी रिचार्ज किती दिवसांचा करतात?’ असा प्रश्न विचारावा. बहुतेक मुले ‘महिन्याचा’ असे उत्तर देतील. मग मोबाईलवर आलेला संदेश घरून वाचून यावयास सांगावे. पुष्कळांच्या रिचार्जची मुदत अठ्ठावीस दिवस निघेल. येथे भागाकार आपोआप पुढे येतो : ३६५ भागिले २८, म्हणजे तेरा वेळा भाग जातो व एक दिवस उरतो. वर्षाचे महिने बारा, परंतु रिचार्ज तेरा. एका रिचार्जचे ३०० रुपये धरले, तर वर्षाचा खर्च मुलांनी मनाशी धरलेल्या ३,६०० रुपयांऐवजी ३,९०० रुपये होतो. यात बेकायदेशीर असे काही नाही, हे स्पष्ट करावे. मुदत उघड लिहिलेली असते. ग्राहकांच्या तक्रारींवरून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ साली प्रत्येक कंपनीने तीस दिवसांची निदान एक योजना ठेवावी, असा नियमही केला. तथापि अठ्ठावीस दिवसांना ‘महिना’ म्हणण्याची सवय आपणच स्वतःला लावून घेतली आहे, आणि या सवयीची किंमत वर्षाला एक रिचार्ज इतकी आहे. मुलांना हा हिशेब फार आवडतो, कारण घरी जाऊन वडील माणसांना सांगण्याजोगे काही त्यांच्या हाती लागते.

यानंतर छायाचित्रांच्या साठ्याचे उदाहरण घ्यावे. शिक्षकांनी यावर थोडा अधिक वेळ द्यावा, कारण ‘मोफत’ या शब्दाचा स्वभाव त्यातून सर्वांत चांगला उलगडतो. गूगल कंपनीने २०१५ साली ‘गूगल फोटोज’ नावाची सेवा सुरू केली. छायाचित्राचा आकार किंचित कमी करू दिला, तर वाटेल तितकी छायाचित्रे विनामूल्य ठेवता येतील, असे तिचे वचन होते. जगभरच्या लोकांनी आपले विवाहसोहळे, बारशी, सहली, कागदपत्रे तेथे नेऊन ठेवली. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की, १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रे प्रत्येक खात्यास मिळणाऱ्या १५ जीबी जागेत मोजली जातील, आणि जागा भरल्यावर पैसे द्यावे लागतील. जुनी छायाचित्रे या मोजणीतून वगळली, एवढा प्रामाणिकपणा कंपनीने राखला. पुढे असाच प्रकार व्हॉट्सॲपच्या साठवणीबाबत घडला. अँड्रॉइड मोबाईलवरील संभाषणांची जी प्रत गूगलकडे ठेवली जाई, ती काही वर्षे मोजली जात नसे. २०२३ च्या अखेरीस केलेल्या घोषणेनंतर तीही याच १५ जीबीमध्ये धरण्यास आरंभ झाला.

आता फळ्यावर गणित मांडावे. एका छायाचित्रास सरासरी ३ एमबी जागा लागते असे धरू. सोयीसाठी १ जीबी म्हणजे १,००० एमबी घेतल्यास १५ जीबीमध्ये ५,००० छायाचित्रे मावतील. शाळेच्या कामाची दररोज चार छायाचित्रे, शाळेचे दिवस २२०, म्हणजे वर्षाची ८८०. या गतीने जागा साडेपाच वर्षांहून अधिक पुरेल. परंतु घरची, शेताची, गटांवर येणाऱ्या शुभेच्छांची अशी मिळून दररोज पंधरा छायाचित्रे साठू लागली, तर ५,००० भागिले १५, म्हणजे ३३३ दिवसांत कोठार भरते. वर्षही पुरे होत नाही. (सकाळच्या ‘सुप्रभात’ संदेशांनी किती जागा व्यापली आहे, हे ज्याने त्याने आपल्या मोबाईलवर पाहावे. उत्तर वर्गात सांगण्याची सक्ती नाही.) जागा भरली की पुढे भाडे सुरू होते. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या दिवशीचा दर शिक्षकांनी स्वतः पाहून फळ्यावर लिहावा. उदाहरणादाखल महिना १३० रुपये धरल्यास वर्षाचे १,५६० आणि दहा वर्षांचे १५,६०० रुपये होतात.

येथे मुलांना एक प्रश्न विचारावा : ‘भाडे परवडत नसेल, तर छायाचित्रे काढून का घेऊ नयेत?’ मुले विचार करू लागतात. पाच हजार छायाचित्रे निवडावयास बसणार कोण? ती ठेवावयाची कोठे? आजोबांचे शेवटचे छायाचित्र त्यांत कोठे आहे, हे कोणास ठाऊक? गोठ्यातील कडबा हलविण्याइतके ते सोपे नसते. वस्तू देताना मोफत असते आणि परत घेताना कष्टाची होते, ही गोष्ट मुलांच्या तोंडून येऊ द्यावी. शिक्षकांनी ती आधी सांगून टाकल्यास पाठाचा निम्मा रस जातो.

ओघाने आपल्याही खात्याचा उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. शाळेच्या कामाची छायाचित्रे, माहितीपत्रके, उपस्थितीच्या नोंदी व गटांवरील परिपत्रके यांपैकी बराच भाग शिक्षकांच्या स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या रिचार्जवर आणि पुष्कळदा शाळेबाहेरच्या वेळेत चालतो. हा खर्च कोणत्याही खातेवहीत दिसत नाही. वरील गणित मुलांना देण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने एकदा स्वतःच्या आकड्यांवर करून पाहावे. आणि शाळेसाठी निराळे खाते उघडून तेथील साठा वर्षअखेरीस आवरण्याची पद्धत ठेवता येते का, याचा मुख्याध्यापकांनी अवश्य विचार करावा.

दुसऱ्या तासिकेत वेळेचा हिशेब घ्यावा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला २२० दिवस व १,००० तास अध्यापन व्हावे, असे प्रमाण घालून दिलेले आहे. हा आकडा फळ्याच्या एका बाजूस लिहून ठेवावा. दुसऱ्या बाजूस दररोज पंचेचाळीस मिनिटे छोट्या चित्रफिती पाहणाऱ्या माणसाचा हिशेब मांडावा. ४५ गुणिले ३६५ म्हणजे १६,४२५ मिनिटे. साठाने भागल्यास २७३ तास व ४५ मिनिटे. सातवीच्या संपूर्ण वर्षाच्या पाव भागाहूनही हा वेळ अधिक झाला. पंचेचाळीस मिनिटे ऐकताना किरकोळ वाटतात. म्हणूनच ती वर्षाने गुणून दाखविणे आवश्यक आहे.

हा वेळ इतक्या सहजतेने कसा जातो, तेही सांगावे. पुस्तकाचे पान संपते, वर्तमानपत्राचे शेवटचे पृष्ठ येते, कीर्तनही आरती होऊन आटोपते. प्रत्येक ठिकाणी थांबण्याची एक जागा असते आणि तेथे माणूस ‘आता पुरे’ असे स्वतःशी म्हणू शकतो. मोबाईलच्या पडद्यावर बोट वर सरकविले की खालून नवे काही येत राहते. ते कधी संपतच नाही. ही रचना एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ साली योजिली. वाचकास पुढच्या पानाच्या कळीवर बोट ठेवण्याचा त्रास पडू नये, एवढाच मूळ हेतू होता. पुढे तिचा जो उपयोग झाला, त्याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. मुलांना यातून इतके कळले तरी पुरे की, न थांबता येणे हा सर्वस्वी आपल्या मनाचा दुबळेपणा नसून, थांबण्याची जागाच कोणी तरी काढून टाकलेली आहे. अनेक मोबाईलमध्ये कोणत्या साधनावर किती वेळ गेला, हे दाखविणारी सोय ‘सेटिंग्ज’मध्ये असते. घरातील मोठ्या माणसाच्या संमतीने एका आठवड्याचे आकडे टिपून आणावयास सांगावे व त्यांची सरासरी काढावी. सरासरीचा घटक शिकविण्यास याहून जिवंत साहित्य मिळणे कठीण.

ज्या घरी असा मोबाईल नाही, त्या मुलांना पाठातून वगळले जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. काल्पनिक आकड्यांचा एक तक्ता शिक्षकांनी आधी तयार ठेवावा आणि कोणी घरचे आकडे आणले, कोणी तक्त्यातील घेतले, हे वर्गात कळू देऊ नये. हिशेबाच्या पाठातून एखाद्या घराची गरिबी उघडी पडावी, यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

आता मूळ प्रश्न : पैसे न घेता कंपनी सेवा देते तरी कशी? मुलांना जत्रेतील कुस्त्यांच्या फडाची आठवण द्यावी. फडास तिकीट नसते, तरी इनामाची रक्कम मोठी असते. ती जे देतात, त्यांचे फलक आखाड्याभोवती लागलेले असतात. प्रेक्षक पैसे देत नाहीत. पण प्रेक्षक जमले नसते, तर फलकास कोणी पैसे दिले नसते. मोबाईलमधील पुष्कळ सेवा याच रीतीने चालतात. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ज्या मेटा कंपनीच्या मालकीचे आहेत, तिच्या उत्पन्नाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींतून येतो. उपमा मात्र एका ठिकाणी अपुरी पडते, आणि तेथेच मुलांचे लक्ष वेधावे. आखाड्यावरील फलकास त्याच्याकडे कोणी पाहिले, हे कळत नाही. मोबाईलवरील फलक पाहणाऱ्याकडे पाहत असतो.

व्हॉट्सॲपचा इतिहास या दृष्टीने बोधक आहे. ही सेवा २००९ साली निघाली आणि काही काळ तिची वर्षाला एक डॉलर अशी नाममात्र वर्गणी होती. २०१४ मध्ये फेसबुकने ती सुमारे १,९०० कोटी डॉलर्सना विकत घेण्याचे ठरविले, आणि २०१६ मध्ये वर्गणी बंद झाली. वर्गणी बंद झाल्याचा आनंद सर्वांस झाला. विकत घेणाऱ्याने इतकी रक्कम का मोजली असेल, हा प्रश्न थोड्यांनीच विचारला. येथे शिक्षकांनी अतिशयोक्ती टाळावी. व्हॉट्सॲपवरील खाजगी संदेशांचा मजकूर २०१६ पासून अशा रीतीने कुलूपबंद केलेला असतो की, तो पाठविणारा व घेणारा यांवाचून वाटेत कोणास, कंपनीसही, वाचता येत नाही. ‘कंपनी तुमचे सर्व बोलणे वाचते’ असे सांगणे चुकीचे होईल. परंतु मजकुराखेरीज इतर माहिती, म्हणजे कोणता क्रमांक, कोणता मोबाईल, केव्हा व कशा प्रकारे वापर, ही निराळी गोष्ट आहे. ती मेटाच्या अन्य सेवांना देण्यास संमती देणे २०२१ च्या धोरणाने वापरणाऱ्यांवर लादले, असे ठरवून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीस २१३ कोटींहून अधिक रुपयांचा दंड केला. कंपनीने त्यावर अपील केले. पत्राच्या आतील मजकूर न वाचताही पाकिटांवरून पुष्कळ कळते, हे गावच्या पोस्टमनचे उदाहरण देऊन सांगता येईल. मात्र आपले पोस्टमन ही माहिती विकीत नाहीत, हेही सांगावयास विसरू नये.

यापुढील भाग सर्वांत महत्त्वाचा असून त्यासाठी राखून ठेवलेली वेळ कोणत्याही कारणाने कमी करू नये. आतापर्यंतचा खर्च ज्याचा त्याने केलेला होता. पैसे माझे, वेळ माझा, माहितीही माझी. परंतु या साधनांच्या किमतीचा एक भाग असा आहे की, तो ‘होय’ म्हणणारा एक माणूस ठरवितो आणि भरतात मात्र दुसरी माणसे. मोबाईलवर नवे साधन घेताना ‘संपर्क पाहू द्यावेत काय?’ असे विचारले जाते. आपण घाईने होकार देतो. त्या यादीत आपला स्वतःचा क्रमांक असून नसून सारखाच. तेथे असतात ते मावशीचे, सरपंचांचे, दवाखान्यातील परिचारिकेचे, विद्यार्थ्यांच्या पालकांचे. चारशे माणसांच्या वतीने आपण एका बोटाने संमती दिलेली असते.

यासाठी दोन खरी उदाहरणे सांगता येतील. अमेरिकेत मोबाईलचा विजेरीसारखा उपयोग करून देणारे एक मोफत साधन कोट्यवधी लोकांनी घेतले होते. अंधारात उजेड पाडणे एवढेच त्याचे काम. ते लोकांच्या ठिकाणाची माहिती जाहिरातदारांच्या जाळ्याकडे पोहोचवीत असल्याचे आढळून आल्यावरून तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ साली त्याच्या निर्मात्याविरुद्ध कारवाई केली. उजेडास आपला पत्ता कशासाठी हवा, हा प्रश्न सातवीचा विद्यार्थी सहज विचारू शकतो, आणि प्रत्येक नव्या साधनाबाबत तोच प्रश्न विचारावयाचा असतो. दुसरे उदाहरण आपल्याच गावांतील घरांजवळचे आहे. कागदपत्रांवाचून काही मिनिटांत कर्ज देणारी साधने निघाली. ती घेताना कर्जदार संपर्कांची यादी उघडी करी, आणि हप्ता चुकला की त्या यादीतील नातलगांना, शेजाऱ्यांना धमक्यांचे व बदनामीचे संदेश जात. ज्यांनी एक रुपयाही घेतला नव्हता, त्यांना दूषणे ऐकावी लागत. आणि कर्जदाराच्या वाट्यास जी लाज येई, तिचा हिशेब रुपयांत होत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या साधनांस मोबाईलमधील संपर्क, छायाचित्रे व संभाषणांच्या नोंदी पाहण्यास मनाई केली. तथापि हा नियम बँकेच्या नियंत्रणाखालील संस्थांचे कर्ज देणारी साधनेच पाळणार. बनावट साधन तो पाळीत नाही, यास्तव संपर्कांची यादी मागणारे कर्जाचे साधन दिसताच ते नाकारावे, हे मुलांनी घरी जाऊन सांगावे. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार करता येते. हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर कायमचा लिहून ठेवण्यास हरकत नाही.

दुसऱ्याच्या वतीने होकार देण्याचा हा प्रसंग आपणा शिक्षकांवर जितक्या वेळा येतो, तितका क्वचितच अन्य कोणावर येत असेल. स्नेहसंमेलन, पोषण आहार, वृक्षारोपण, गणवेश वाटप, प्रत्येक वेळी मुलांची छायाचित्रे निघतात. कार्यालयास पाठवावयाच्या छायाचित्रांवर कित्येकदा स्थळाचे अक्षांश, रेखांश, दिनांक व वेळ छापलेली असते. कामाचा पुरावा म्हणून ते योग्यच होय. परंतु तेच छायाचित्र पुढे सार्वजनिक गटावर किंवा फेसबुकवर गेले, म्हणजे अमुक चेहऱ्याचे मूल अमुक वेळी अमुक ठिकाणी असते, ही माहिती सर्व जगास मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि तो हक्क बाकावर बसणाऱ्या मुलासही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक मानली असून, मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेक बंधनांना अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. कायद्याची मुदत भरेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. कार्यालयास पाठवावयाचे छायाचित्र तेवढ्याच कामासाठी ठेवावे. गावास दाखवावयाचे असल्यास चेहरे ओळखू न येतील असे, मुलांच्या पाठीमागून किंवा हातातील रोपांचे, निराळे घ्यावे, आणि त्यावर स्थळाची मोहोर नसावी. पालकसभेत एकदा संमती विचारून ती नोंदवहीत लिहून घ्यावी. एखाद्या आईने नको म्हटले, तर कारण विचारू नये. नवऱ्याच्या जाचास कंटाळून माहेरी आलेल्या बाईस आपल्या मुलाची शाळा कोणती, हे जगास कळू नये असे वाटत असेल, आणि ती गोष्ट ती चारचौघांत सांगू शकत नाही.

शेवटच्या वीस मिनिटांत प्रत्येक मुलाने घरातील एकाच साधनाचे खाते वहीत मांडावे. डाव्या बाजूस उपयोग, उजव्या बाजूस खर्च. आणि खर्चाचे रकाने चार : रुपये, वेळ, माझी माहिती, इतरांची माहिती. शेवटच्या दोन रकान्यांत आकडा येणार नाही, तेथे शब्दांत लिहावे. कोणते साधन ठेवावे व कोणते काढावे, याचा निर्णय वर्गात मागू नये. तो घरच्यांचा आहे. वह्या तपासून लगेच परत कराव्यात. या पाठाच्या वह्यांची छायाचित्रे काढून गटावर पाठवू नयेत.